दुसरा रिमोट

परवा टेलिफोन एक्स्चेंज चौकात मेट्रोतून उतरलो आणि सागाच्या ओल्या भुशाचा वास आला. लकडगंजात तो येणारच. पण त्या वासासरशी मला लाकूड नाही, कॉन्ट्रा आठवला. पहिल्या टप्प्यातला तो पूल, पाय ठेवला की पायाखाली धडाधड उडत जाणारा, आणि दादाचा आवाज : ‘‘पळ बे, पळ!’’

आमचं घर आरा मशीनच्या भिंतीला लागून होतं. मोटर सुरू झाली की घरातला दिवा मंदावायचा, टीव्हीवरचं चित्र आक्रसायचं, पडद्यावर आडव्या रेघा धावायच्या. कधी व्होल्टेज इतकं पडायचं की सहाव्या टप्प्यावर पोचलेला गेम आपोआप पहिल्यापासून. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची खरी वेळ दुपारच्या जेवणाची. मजूर डबे उघडायचे, आरा थांबायचा, आणि तेवढा वेळ कॉन्ट्राचे दोन्ही सैनिक न थरथरता उभे राहायचे. भोंगा झाला की आम्हीही आवरायचो.

व्हिडिओ गेमचा डबा लाल-पांढरा होता. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी तेव्हा हे डबे मिळत. ज्याची ही नक्कल, तो निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर १५ जुलै १९८३ला जपानमध्ये विक्रीला आला. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो घडला. त्याच्या दुसऱ्या रिमोटवर बोलायला छोटा माइक होता, पण सिलेक्ट आणि स्टार्ट ही दोन बटणं नव्हती. आमच्या डब्यापर्यंत येताना माइक गळला आणि उणीव तेवढी जशीच्या तशी पोचली. शिवाय दोन्ही रिमोटच्या वायरी डब्याच्या पोटातूनच निघालेल्या. अदलाबदल शक्य नाही. दादा मोठा, त्यामुळे पहिला रिमोट त्याचा. दुसरा माझा.

याचा राग माझ्या मनात अजून आहे. गेम कधी सुरू होणार, कधी थांबणार, मध्ये पाणी प्यायला जायचं की नाही, सगळं दादाच्या अंगठ्यावर. मी फक्त पळायचं, उडी मारायची, गोळ्या झाडायच्या.

अमेरिकेत १९८८पासून निन्टेन्डोचं स्वतःचं मासिक निघत होतं, नकाशे आणि युक्त्या छापणारं. आमच्याकडे ‘किशोर’ यायचं आणि मी त्यावर जीव टाकायचो; पण कॉन्ट्राच्या धबधब्यावर चढताना कुठे थांबायचं हे सांगणारं मासिक आमच्या हाती कधी आलं नाही. मग ते आम्हीच केलं. बाबा एका टिंबर फर्ममध्ये मुनीम होते. रद्द झालेली बिलं ते घरी आणायचे. एका बाजूला लांबी, गोलाई आणि घनफुटांचे रकाने, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूंना दाभणाने भोकं पाडून आईने सुतळीने शिवलं. त्यात दादाने लाल पेनाने बाण काढले होते : वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, बी, ए. हे दाबलं की तीन लाइफच्या जागी तीस. ही युक्ती त्याला गांधीबागेतल्या एका मुलाने सांगितली होती, त्याला आणखी कुणी. पुष्कळ पुढे वाचलं की कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटोने ती १९८६मध्ये ग्रेडियस या गेमसाठी बसवली होती. फॅमिली कॉम्प्युटरसाठी गेम तयार करताना तपासायला तो त्याचा त्यालाच पार करता येईना, म्हणून ही सोय. आणि ती काढायची राहून गेली. २०२०च्या फेब्रुवारीत हाशिमोटो गेला. ती बातमी मी दादाला पाठवली, तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : ‘‘सिलेक्ट विसरू नको.’’

कारण बी, ए नंतर थेट स्टार्ट दाबलं तर एकटाच सैनिक उतरतो. दुसऱ्याला आत घ्यायचं तर मध्ये सिलेक्ट दाबावं लागतं, आणि ते बटण माझ्याकडे नव्हतं. दादा भांडणानंतरही ते दाबायचा. संतापून, माझ्याकडे न बघता, पण दाबायचा. शिवाय कॉन्ट्रात एकाच्या लाइफ संपल्या की बटण दाबून दुसऱ्याच्या शिल्लक लाइफमधली एक घेता यायची. विचारायचीही गरज नव्हती. धबधब्यावर मी सतत मरायचो. दादा भराभर वर चढायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि मी खाली राहून संपायचो. मग त्याच्यातल्या घ्यायचो. ‘‘घे, पण वर ये लवकर,’’ इतकंच तो म्हणायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो इंजिनीअरिंगला बाहेरगावी गेला. तिकडून सुट्टीत ‘चिप’चे अंक आणायचा, सीडी चिकटवलेले, तेच मासिक २००१मध्ये ‘डिजिट’ झालं. गुळगुळीत पानं, चकचकीत चित्रं. मी ती भक्तीने वाचली. पहिला रिमोट आता माझा झाला होता आणि तीस लाइफ एकट्याला पुरून उरत होत्या. धबधबा मी आरामात चढायचो. कंटाळा यायचा.

त्याच्याही आधीचा एक हिवाळा मात्र मनातून जात नाही. १२ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला : केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात चाललेली वनेतर कामं, आरा गिरण्यांसकट, थांबवा, झाडतोड फक्त मंजूर कार्ययोजनेप्रमाणे. जंगल वाचायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण गल्लीत तेव्हा दुसराच हिशेब होता. बाबांच्या फर्मचा माल आटला, भिंतीपलीकडचा आरा दिवसचे दिवस गप्प राहिला आणि टीव्हीवरचं चित्र दिवसभर स्वच्छ दिसू लागलं. आम्ही दोघं खूश. बाबा दुपारीच घरी येऊन पलंगावर बसायचे.

एकदा त्यांनी टँकचा गेम बघितला, बॅटल सिटी. त्यात कन्स्ट्रक्शन म्हणून एक पर्याय असतो. विटा, लोखंड, पाणी, झाडी आपण मांडायची. दादाने त्यांच्या हाती पहिला रिमोट दिला. बाबांनी चष्मा पुसला आणि अर्धी दुपार खपून एक मैदान रचलं. टाल्यावर फळ्यांची थप्पी लावावी तशा सरळ ओळी, मध्ये हवा खेळायला फट. खाली गरुडाभोवती त्यांनी विटा काढून लोखंड लावलं. ‘‘विटा कायले ठेवता? फुटतेच न ते.’’

आम्ही खेळायला बसलो. दादाचा पिवळा टँक, माझा हिरवा. बाबा मागे उभे. कितीही गोळ्या आल्या तरी गरुडाला काही होईना. मग पडद्यावर फावडं चमकलं आणि दादाने धावत जाऊन ते घेतलं. फावड्याने थोडा वेळ भिंत लोखंडाची होते आणि मुदत संपली की विटांची. मुळात ती कशाची होती हे गेम बघत नाही. बाबांची लोखंडी भिंत डोळ्यांदेखत विटांची झाली.

‘‘हे कोणी केलं?’’ बाबांनी विचारलं.

‘‘गेमच तसा आहे, बाबा,’’ दादा म्हणाला.

‘‘मंग घेतलं कायले ते फावडं? माह्यं लोखंड होतं न तिथं!’’

दादा हसायला लागला आणि बाबा खरोखर चिडले. त्यांनी त्याच्या हातून रिमोट घेतला, डबा बंद करून चालू केला आणि पहिल्या विटेपासून मांडायला बसले. या वेळी मला शेजारी बसवून घेतलं आणि दादाला बजावलं, की फावड्याला हात लावायचा नाही.