साक्षीला तिसरे घड्याळ

घड्याळ बरोबर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते दुसऱ्या एखाद्या घड्याळाशी जुळते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. जुन्या काळी लग्नघरी पाण्यावर घटिकापात्र ठेवीत. ते बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे धरीत. परंतु काल जेवढ्या वेळात बुडाले तेवढ्याच वेळात ते आजही बुडाले, हे त्या पात्रालाच विचारून कसे कळावे? हाच प्रश्न निराळ्या वेषात गेली काही वर्षे आमच्या बडोद्याच्या घरी एका मेजावर मुक्कामाला आहे.

त्या मेजावर तीन यंत्रे आहेत. पहिले क्वार्ट्झचे, त्यातील स्फटिक एका चिमुकल्या भट्टीत सदैव एकाच तापमानाला ठेवलेला असतो. दुसरे रुबिडियमचे, दूरसंचाराच्या सेवेतून निवृत्त होऊन जुन्या बाजारात आलेले. त्यातील स्फटिकाला रुबिडियम अणूची सेकंदाला सुमारे ६८३ कोटी कंपने ताळ्यावर ठेवतात. तिसऱ्यातील स्फटिकाला जीपीएस उपग्रहांचे संकेत सावरून धरतात. तिघांचे काम एकच : सेकंदाला बरोबर १ कोटी आंदोलने देत राहणे. यांना काटे नाहीत, तबकडी नाही. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "अहो, दूधवाला किती उशिरा आला ते यावरून कळतं का?" कळत नाही असे ऐकल्यावर धूळ पुसण्यापलीकडे त्यांनी या मेजात लक्ष घातलेले नाही.

मापन करावयाचे म्हणजे दोन यंत्रांच्या आंदोलनांतील अंतर नोंदवीत बसावयाचे. आमच्या काउंटरला नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, ओळखता येतो. एका सेकंदाच्या निरीक्षणात त्याला अब्जात एक एवढाच फरक दिसतो. परंतु १,००० सेकंद थांबले तर लाख कोटींत एक, आणि अहोरात्र, म्हणजे ८६,४०० सेकंद थांबले तर सुमारे ८६ लाख कोटींत एक इतका सूक्ष्म फरक तोच काउंटर दाखवितो. क्षणभराची चंचलता टिपावयास महागडे साधनच लागते; पण बाकी पुष्कळसे काम घरी सबुरीवर भागते.

या हिशेबात नेहमीची रीत पुरत नाही. एरवी आपण सरासरी काढतो आणि प्रत्येक माप तिच्यापासून किती ढळले ते पाहतो. परंतु स्फटिक वयोमानाने सरकत जातो. जितके अधिक दिवस मोजावे तितकी सरासरीच आपली जागा सोडते. अमेरिकेतील डेव्हिड ॲलन यांनी १९६६ साली मांडलेल्या रीतीत प्रत्येक कालखंड त्याच्या लगतच्या कालखंडाशीच ताडून पाहतात, आणि तो कालखंड सेकंदाचा, तासाचा, दिवसाचा असा वाढवीत नेतात. मग ज्याचा त्याचा स्वभाव उघड होतो. सेकंदभरासाठी भट्टीतला स्फटिक सर्वांत शांत. पुढे काही तासांपर्यंत रुबिडियम सरस. उपग्रहाचा संकेत क्षणोक्षणी कित्येक नॅनोसेकंद डगमगतो, पण दिवस-महिन्यांच्या हिशेबात या तिघांत भरवसा त्याचाच. स्थिर कोण, या प्रश्नाला 'किती काळासाठी?' असे विचारल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

दोघांत फरक पडला तर ढळले कोण, हे त्या दोघांवरून कधीच ठरत नाही. तिसरा साक्षीदार लागतो. पहिल्या-दुसऱ्यातील आणि पहिल्या-तिसऱ्यातील विचरणांची बेरीज करावी, तीतून दुसऱ्या-तिसऱ्यातील विचरण वजा करावे आणि बाकीचे निम्मे करावे. पहिल्याचा स्वतःचा दोष हाती येतो. अट एकच : तिघांचे दोष परस्परांपासून स्वतंत्र हवेत. मे महिन्याच्या दुपारी खोली तापली आणि स्फटिक व रुबिडियम दोघेही एकाच दिशेने सरकले, तर ते आपसांत जुळलेले दिसतात आणि ठपका नाहक उपग्रहावर येतो. कधी तर उत्तर शून्याहूनही खाली उतरते. ऋण दोष असा काही नसतोच; साक्षीदार स्वतंत्र नव्हते किंवा मोजणी अपुरी पडली, एवढेच ते उत्तर सांगते. म्हणून रुबिडियमची रवानगी आम्ही जिन्याखालच्या थंड कोनाड्यात केली आहे.

आमच्या घराण्याला बडोद्यात चार पिढ्या लोटल्या. पुण्याचे पाहुणे आमच्या मराठीला गुजराती वळण लागल्याचे हसत सांगतात. आमचे म्हणणे असे, की पणजोबांची भाषा आम्ही जपली, बदलले ते पुणे. हा दोन घड्याळांतला वाद झाला. बडोद्यातील सारी मराठी घरे आमच्या बाजूने उभी राहिली तरी निकाल लागणार नाही, कारण ती एकाच खोलीत तापलेली. साक्ष घ्यावी ती तंजावरच्या मराठी कुटुंबांची. सतराव्या शतकापासून त्यांचा शेजार तमिळ आहे. एखादा शब्द तेथे आणि बडोद्यात आढळला, पण पुण्यात नसला, तर पुणे सरकले असे म्हणण्यास आधार मिळतो. तेथे आणि पुण्यात आढळला, पण आमच्याकडे नसला, तर आम्ही सरकलो. अशा शब्दांची एक वही आम्ही घरात ठेवली आहे, आणि तिच्यात दोन्ही पक्षांचे शब्द उतरले आहेत. एखाद्या शब्दावरून नातवंडे आणि पुण्याची भाचरे भांडू लागली, की आम्ही निवाडा देत नाही. वही पुढे सरकवितो.