पास्त्याला मान, वजडीला लाज?

जगाची संस्कृती घरच्या चुलीवर ओळखा, असं सांगणारे व्हिडिओ आज आपली पोरंपोरी रोज बघतात. बघावेत. नांदेडच्या पोरीने मेक्सिकोचा पदार्थ करून खाल्ला तर मला आनंदच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. या जगात आपली चूल कुठे आहे?

माझी भाची लातूरला क्लाससाठी राहते. सुट्टीत तिने आमच्याकडे पास्ता केला, झकास झाला. जेवताना तिला सांगितलं की इटलीत रोम आणि फ्लोरेन्सचे लोक जनावराचं पोट, आतडी शिजवून खातात आणि त्याचा अभिमान बाळगतात. "म्हणजे आपली वजडी?" तिने विचारलं, तेही आवाज बारीक करून. लातूरच्या खोलीत मटण-मासे शिजवायचे नाहीत, ही मालकाची पहिली अट. त्याआधी आडनाव विचारून झालेलं असतं. ही अट स्वच्छतेची आहे असं ज्याला वाटतं, त्याने आपल्या आडनावाने खोली शोधून बघावी.

मेक्सिकोत वजडीचा रस्सा 'मेनुडो' म्हणून मिळतो. इंग्रज माणूस न्याहारीला रक्ताचं सॉसेज खातो, आपल्याकडे रक्ती म्हटलं की नाकं मुरडतात. मांसाच्या चान्या मीठ लावून वाळवायची आपली रीत आफ्रिकेत 'बिलटाँग' आहे. अँडीजमधल्या क्वेचुआ लोकांचा 'चार्की' हा शब्द इंग्रजीत 'जर्की' होऊन पाकिटात विकला जातो. अमेरिकेत मळेवाल्यांनी टाकलेली डुकराची आतडी गुलामांनी शिजवली. त्यांच्याच नातवंडांनी 1960 च्या दशकात त्या जेवणाला 'सोल फूड' म्हटलं. आत्म्याचं अन्न! नाव त्यांनी स्वतः दिलं, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे हे काम शाहू पाटोळे यांनी केलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरातलं खाणं त्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात 2015 साली नोंदवलं. 2024 मध्ये ते भूषण कोरगांवकरांच्या अनुवादातून इंग्रजीतही गेलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' घराघरांत पोचली, पण त्या स्वयंपाकघरात तूप-दूध-साखर गृहीत आहे. ज्यांच्या घरी तेलाचाही थेंब मोजून पडायचा, त्यांचं जेवण कोण लिहिणार होतं?

आता आपलेच काही कार्यकर्ते विचारतात: बाबासाहेबांनी 1927 ला महाडच्या परिषदेत मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं, मग हे उकरून कशाला काढता? आक्षेप खरा आहे. आमच्या आजीच्या घरात ते सुटलं ते सुटलंच, आणि तो निर्णय मला रक्तीच्या चवीपेक्षा मोठा वाटतो. उपासमारीला खाद्यसंस्कृती म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. पण बाबासाहेबांनी नाकारलं ते लाचारीचं खाणं. त्याचा इतिहास त्यांनी झाकला नाही, उलट 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उघड मांडला. सोडणं वेगळं, लाजून लपवणं वेगळं. लपवलं की आपल्या ताटाचा अर्थ दुसरेच लावतात.

आणि लावतातच. पाटोळेंचं पुस्तक आलं त्याच 2015 साली महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीची 1976 च्या कायद्याने होतीच. म्हणजे जुन्या चुलीवरचे कितीतरी पदार्थ आता फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरले.

म्हणून पोरांनो, पास्ता करा, मेनुडोही करा. पण या सुट्टीत आजीजवळ मोबाइल घेऊन बसा. येसूर कसा करायची, कण्या कशात शिजायच्या, चान्या कुठे वाळत घालायची आणि त्या कोणापासून लपवायची, हे विचारा. "आता ते कशाला इचारतूस रं?" असं ती म्हणेल. रेकॉर्डिंग बंद करू नका.

जय भीम.