शुद्धी

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये, लालचक्कीजवळच्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधनाचे किरकोळ काम करीत असे, त्या दिवसांत एका पावतीपुस्तकाच्या कच्च्या प्रतीवरील ‘तारीख’ खोडून मी ‘दिनांक’ लिहिले, तेव्हा सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या घराण्यातले मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “मास्तर, दिनांक म्हणजे तारीखच ना? मग तारीखच राहू द्या, गिऱ्हाइकाला लवकर कळते.” त्याच पावतीवरचे ‘रक्कम’, ‘जमा’, ‘बाकी’ हे फारसी-अरबी वळणाचे शब्द मी बिनदिक्कत तसेच ठेवले होते, हे ध्यानी येऊन मी ओशाळलो.

‘दिनांक’ हा सावरकरांच्या भाषाशुद्धीतला शब्द. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, १९२४ ते १९३७ या काळात, त्यांनी नवे शब्द घडविले आणि परधर्मात गेलेल्यांना परत घेण्याची चळवळही चालविली. दोहोंना नाव एकच, शुद्धी. ही जोडीही नवी नव्हे. शिवछत्रपतींच्या दरबारी १६७६ साली नेताजी पालकर शुद्ध करून घेतले गेले आणि त्याच सुमारास फारसी दफ्तरी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. पुढे माधव जूलियनांनी तर, आधी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचून, मग ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. ज्याला परके घर आतून ठाऊक, त्यानेच उंबरा आखावा, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

परंतु मराठी माणसाच्या तोंडी शुद्धी म्हणजे पावित्र्य थोडेच असते? भोवळ येऊन पडलेला मनुष्य शुद्धीवर येतो, म्हणजे त्याला भान येते. जुन्या मराठीत सीतेची शुद्धी म्हणजे तिचा ठावठिकाणा. आणि भान गेलेला तो ‘बेशुद्ध’: फारसी ‘बे’ला संस्कृत ‘शुद्ध’ जोडून झालेला हा शब्द कोणत्याही शुद्धिकाराने दुरुस्त केलेला माझ्या पाहण्यात नाही.

छापखान्यापासून सुभाष टेकडी दूर नाही. तिथल्या वस्तीतून बुद्धजयंतीची पत्रके छपाईला येत, त्यांत ‘शुद्धी’ कधीच नसे, ‘दीक्षा’ असे. शुद्धी म्हटले की आधीचा माणूस अशुद्ध होता, हे गृहीत धरावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तीत हे गृहीत नव्हते. आपल्या मार्गाला ‘नवयान’ म्हणताना त्यांनीही शब्द योजलाच, पण कोणाचा खोडून नव्हे.

पावतीवर अखेर तारीखच राहिली. पाडव्याच्या आगेमागे मालकांनी चेटीचंडचे पत्रक माझ्यापुढे टाकले. मथळ्याखाली त्यांच्याच हस्ताक्षरात होते: ‘चैत्र शुद्ध द्वितीया’, आणि त्यापुढे ‘तारीख’. मी लेखणी उचलली, पत्रकातल्या दोन वेलांट्या नीट केल्या आणि प्रत यंत्राकडे पाठविली.