फोटोंना नावे ठेवू या!



कोणाला नावे ठेवू नयेत, असे आजी नेहमी सांगते. पण फोटोंना मात्र जरूर ठेवावीत! अल कुसैसमध्ये जुलै-ऑगस्टच्या दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. म्हणून या सुट्टीत आई, बाबा आणि आम्ही दोघे भावंडे घरातले सगळे फोटो लावायला बसलो. फोन, कॅमेरा आणि जुनी डिस्क मिळून हजारो फोटो निघाले. त्यांची नावे काय, तर ‘आयएमजी ०४५२’, ‘डीएससी ०११७’!

ही नावे कॅमेराच देतो. आकडे चारच, त्यामुळे ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या दोन फोटोंचे नाव एकच असू शकते. ते एका फोल्डरमध्ये टाकताना लक्ष नसेल, तर एक फोटो पुसला जातो.

पूर्वी पुष्कळ घरांत ‘पिकासा’ असे, पण गूगलने ते २०१६ मध्ये बंद केले. आम्ही ‘डिजिकॅम’ हे मोफत सॉफ्टवेअर घेतले. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फाइलच्या पोटात लिहिलेली असते. ती वाचून डिजिकॅम शेकडो फोटोंची नावे एकदम बदलते. आम्ही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरवला. उदाहरणार्थ, ‘२०१९-०५-१२ सातारा मुंज’. दिवस आधी लिहिला, तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात आणि वर्षांची खिचडी होते.

एक गंमत झाली. मुंजीच्या फोटोंत मंगलाष्टकांच्या आधीच पंगत बसलेली दिसली! फोन भारतात उतरताच तिथली वेळ धरतो, पण कॅमेऱ्याचे घड्याळ दुबईच्याच वेळेवर, म्हणजे दीड तास मागे होते. कॅमेऱ्याच्या फोटोंची वेळ दीड तास पुढे सरकवली, तेव्हा मुंज आधी लागली आणि जेवण नंतर झाले.

खरी अडचण पुढेच होती. आजीच्या लग्नाचे कागदी फोटो बाबांनी स्कॅन केले होते. त्यांच्यावर तारीख आली ती स्कॅन केल्याची. यंत्राला तेवढेच ठाऊक! माणसे कोण, वाडा कोणाचा, हे सांगणारी आजीच. तिला फोनवर एकेक फोटो पाठवून आम्ही विचारत गेलो आणि वहीत लिहीत गेलो. एका फोटोत आजोबांच्या खांद्यावर हात ठेवलेले एक गृहस्थ आहेत. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “हे तुझ्या आजोबांनाच माहीत असणार.” आजोबा आता नाहीत. त्या फोटोचे नाव आम्ही ‘आजोबा आणि त्यांचे मित्र’ एवढेच ठेवू शकलो.

तेव्हा मित्रांनो, डिसेंबरच्या सुट्टीत गावी जाल, तर आजी-आजोबांजवळ जुना अल्बम घेऊन बसा. फोटोच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने नावे लिहा. स्कॅन केलेल्या फोटोंत तीच नावे वर्णनाच्या रकान्यातही भरा. आणि पालकहो, नावे बदलण्याआधी सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. बाकीचे काम सॉफ्टवेअर कधीही करील. आजीला विचारायचे काम मात्र आधी करा.