ऑर्लँडोस केव्हां जावें?

तीस वर्षें भरल्या घरांत संसार केल्यावर उभयतांनींच कोठें जावें असा योग आम्हांस प्रथम आला, तो फ्लोरिडांतील डिस्ने वर्ल्ड पाहण्याचा. १९७१ सालीं उघडलेल्या या क्रीडानगरींत आज चार मोठीं उद्यानें आहेत. प्रश्न एवढाच, कीं जावें केव्हां? मुलांच्या शाळेच्या सुटीचें बंधन आतां नव्हतें, हें केवढें भाग्य! नाताळांत तेथें पाऊल ठेवावयास जागा नसते. उन्हाळ्यांत दमट उकाडा, आणि दुपार कलली कीं गडगडाटासह पाऊस. सप्टेंबरांत गर्दी ओसरते खरी, पण तो चक्रीवादळांचा ऐन हंगाम. ‘कधींही चला, पण मला तासभर उभें करूं नका,’ असें सौभाग्यवतींनीं बजावलें होतें; त्यांचे गुडघे आतां पूर्वीचे राहिले नाहींत. म्हणून जानेवारींतील तिसऱ्या सोमवारची मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ असलेली सुटी उलटल्यावर, आणि फेब्रुवारींतील तिसऱ्या सोमवारची सुटी येण्यापूर्वीं, असे मधले दिवस आम्हीं धरले. सकाळीं शाल लागली. एकदोन खेळ दुरुस्तीस्तव बंद होते. परंतु रांगा आंखूड होत्या. दुपारीं तळ्याकांठच्या बाकावर आम्ही दोन तास नुसते बोलत बसलों. घरीं इतकें बोलणें कधीं झालें होतें, तें दोघांसही आठवेना.