परक्याच्या हाती बंदूक

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा पुढे इंजिनिअर झाला आणि कामाच्या व्हिसावर अमेरिकेला गेला. त्याचे वालिद परभणीत कापसाच्या अडत दुकानात मुनीम आहेत. मागच्या रमजानमध्ये तरावीहनंतर त्यांनी आम्हांला मशिदीच्या पायऱ्यांवरच गाठले. म्हणाले, "सर, तिकडे दुकानात बंदूक मिळते म्हणे. पोरगा रात्री उशिरा कामावरून येतो. त्याने एक घेऊन ठेवली तर चालेल का? तुम्ही शिकलेले, जरा कायदा बघून सांगा."

बी.एड.ला बंदुकीचा कायदा शिकवत नाहीत. पण गावात मास्तरला सगळेच यायला हवे, असा लोकांचा समज असतो आणि आम्हीही तो फारसा मोडत नाही. म्हणून वाचून काढले.

अमेरिकेत बंदूक मिळते हे खरे. प्रश्न आहे कोणाला. नागरिकाला मिळते, ग्रीन कार्डवाल्याला मिळते. पण त्यांच्या 1968 च्या बंदूक कायद्यात 1998 साली दुरुस्ती झाली. तात्पुरत्या व्हिसावर आलेला माणूस, मग तो विद्यार्थी असो, पर्यटक असो की एच-वन-बीवरचा इंजिनिअर, त्याने बंदूक किंवा नुसते काडतूस बाळगणेदेखील केंद्रीय गुन्हा ठरते. त्याची शिक्षा 2022 पासून पंधरा वर्षांपर्यंत गेली आहे, आणि त्यानंतर देशाबाहेर रवानगी. स्थानिक मित्राबरोबर नेमबाजीला गेले आणि त्याची बंदूक हातात धरली, तरी ते बाळगणे ठरू शकते.

ही दुरुस्ती कशामुळे झाली तेही वाचले. 23 फेब्रुवारी 1997 रोजी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर एका वृद्ध फलस्तिनी माणसाने गोळीबार केला. तो पर्यटक म्हणून आला होता. फ्लोरिडात थोडे दिवस राहून, तिथले ओळखपत्र काढून त्याने पिस्तूल विकत घेतले होते. एक जण ठार झाला, सहा जखमी झाले, शेवटी त्याने स्वतःवर गोळी झाडली. पेशाने तो शिक्षक होता. हे वाचल्यावर आम्ही थोडा वेळ पान मिटून ठेवले.

या बंदीतही एक फट आहे. तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना काढला की तोच परदेशी माणूस बंदूक घेऊ शकतो. आम्हांला हसू आले, पण आपला 1959 चा शस्त्र कायदा उघडला तर तिथेही असाच प्रकार. त्याच्या दहाव्या कलमानुसार, सरकारने ठरवून दिलेल्या देशांतला पर्यटक खेळासाठी म्हणून बेताची हत्यारे विनापरवाना बरोबर आणू शकतो. पर्यटक म्हणजे कोण, तर सहा महिन्यांच्या आत परत जाणारा, करमणुकीला वा प्रेक्षणीय स्थळे बघायला आलेला. पोटासाठी आलेला त्यात बसत नाही. हौसेने हरीण मारायला येणाऱ्यावर कायद्याचा विश्वास आहे. रात्रपाळी करून घरी जाणाऱ्यावर नाही.

हे सर्व आम्ही मुनीमसाहेबांना सांगितले. ते गप्प झाले. मग म्हणाले, "आणि समोरच्याजवळ असली तर?"

यावर आम्हांला हैदराबादचा श्रीनिवास कुचिभोतला आठवला. कॅन्सस राज्यात इंजिनिअर होता, एच-वन-बीवर. 22 फेब्रुवारी 2017 च्या रात्री कामानंतर तो मित्राबरोबर एका बारमध्ये बसला असताना तिथल्याच एका गोऱ्याने आधी त्यांच्या व्हिसाची चौकशी केली, मग 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत गोळ्या घातल्या. त्याला ते इराणी वाटले होते. श्रीनिवास गेला, आणि त्याच्या नोकरीला बांधलेला बायकोचा व्हिसाही गेला. दुखवट्यातच तिला तिथे राहण्याच्या परवानगीसाठी खटपट करावी लागली. श्रीनिवासच्या खिशात बंदूक असती तर तो वाचला असता, असे आम्हांला वाटत नाही. बसल्या जागी अचानक आलेली गोळी ती. मुनीमसाहेबांच्या मुलाने पुढे एवढेच केले, की रात्री दोघा-तिघांनी मिळून एका गाडीने परतायचे ठरवले.

परक्याने कामाला यावे आणि हत्यार बाळगावे की नाही, हा प्रश्न आम्हां परभणीकरांना वास्तविक नवा नाही. एके काळी इथे उलटा न्याय होता. हत्यार आहे म्हणूनच परक्याला काम मिळायचे.

आमच्या हजेरीपटात चाऊस आडनावाची मुले असतात. घरच्या नावात 'बिन' असते. सरल प्रणालीत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीनच रकाने, त्यामुळे हे 'बिन' कुठे घालायचे यावर दरवर्षी घोळ होतो. या मुलांचे पूर्वज येमेनमधल्या हजरामौतहून आलेले अरब शिपाई. चाऊस हे मुळात तुर्की लष्करातल्या हुद्द्याचे नाव. हे लोक पेशव्यांकडे होते, नागपूरकर भोसल्यांकडे होते. डिसेंबर 1817 मध्ये नागपूरला आणि 1818 च्या मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांना त्यांनी चांगलेच झुंजवले. मराठेशाही बुडाल्यावर त्यांना मोठा आसरा उरला तो निजामाच्या मुलखाचा, आणि परभणी त्याच मुलखात.

निजामाकडे त्यांची बेकवायती फौज होती. खजिन्यावर पहारा, वाड्याच्या देवडीवर पहारा, साऱ्याच्या वसुलीला सोबत, सावकाराच्या येण्यासाठी तगादा. खांद्यावर लांब नळीची बंदूक आणि कमरेला वाकडा जंबिया. हा शब्द मराठीत आला तो असा. या भागात त्यांचे कुणी सगेसोयरे नव्हते, ही मालकाच्या लेखी त्यांची सर्वांत मोठी लायकी होती. पुढे ते स्वतःच सावकारी करू लागले आणि कर्जदाराला आपल्या वाड्यात कोंडून ठेवू लागले. ज्यांना कोंडले गेले, त्यांच्या घरी अरबांची आठवण काही प्रेमाने निघत नसणार. पहिले सालारजंग 1853 ते 1883 दिवाण होते, त्यांनी याला बराच आवर घातला. कुऐती घराण्याने मात्र हैदराबादच्या जमादारीत कमावलेल्या पैशावर हजरामौतमध्ये आपले राज्य उभे केले. ते 1967 पर्यंत टिकले.

सामान्य शिपाई इथेच राहिला. त्याने इथल्याच मुलीशी निकाह केला. मुलांना मुवल्लद म्हणत. घरात अरबी जाऊन दखनी आली आणि बाजारात मराठी.

मग सप्टेंबर 1948. पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाची सत्ता गेली. हत्यारे गेली, नोकरीही गेली. पण एवढ्यावर भागले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बंदुकीवर भाकरी मिळाली, तीच आता परकेपणाचा पुरावा झाली. पुष्कळ अरबांना आणि पठाणांना अटकेत ठेवले गेले, कित्येकांना समुद्रापार परत पाठवण्यात आले. ज्याने हजरामौत कधी पाहिलेच नव्हते, त्याला कुठे 'परत' पाठवायचे, हा प्रश्न तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही पडला. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग त्या दिवसांबद्दल फार बोलत नाहीत. विचारले तर विषय शेतीवर नेतात.

राज्यघटनेचे पाचवे कलम आम्ही नववीला शिकवतो तेव्हा ही मुले समोर असतात. इथे कायम राहणारा आणि इथे जन्मलेला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एकाचा जन्म इथला, किंवा जो पाच वर्षे सलग इथे राहिला, तो नागरिक. बापाने आणलेली बंदूक कागदावर काहीच कामाची नव्हती. पाथरी-जिंतूरची आई कामाला आली.

आज चाऊस घरातले कुणी ट्रक चालवतात, कुणी फळांचा व्यापार करतात, एक-दोघे बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे असतात. तिला मात्र जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना असतो. लग्नात मरफा वाजतो आणि तरुण पोरे जंबिया नाचवतात. अलीकडे तो बहुधा लाकडी असतो, वर चांदीचा कागद चिकटवलेला.

आमच्या वर्गातल्या एका चाऊस मुलाचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर म्हणून जेद्दाला गेला. पणजोबा ज्या समुद्रावरून इकडे आले, त्यावरूनच तो विमानाने तिकडे गेला. तिथे त्याच्या नावातले 'बिन' सर्वांना नीट वाचता येते. इकाम्यावर मात्र राष्ट्रीयत्वाच्या जागी हिंदी लिहिलेले आहे, आणि मुदत संपत आली की कफीलच्या मागे लागावे लागते.