ट्रकची वाट, एसटीने

१९८५ च्या अशोक विजयादशमीला आम्ही वर्ध्याहून ट्रकने नागपूरला, दीक्षाभूमीवर गेलो होतो. सेलू, केळझर, बुटीबोरी. बाबा फाळक्याला टेकून उभे, आईच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. स्तूपाचं काम तेव्हा चालू होतं. रात्र मैदानातच, सतरंजीवर काढली.

मजुरीपायी पुन्हा जाणं झालं नाही. बाबाही गेले. यंदा तीच वाट एसटीने धरली. आईची पंचाहत्तरी उलटली, तिला तिकीट नाही, मला अर्धं. भाकरी घरचीच, हॉटेलचा खर्च कशाला? केळझर आलं तशी आई म्हणाली, "इथंच ट्रक पंक्चर झाला होता. तुझ्या बाबांनी सगळ्यांना त्रिसरण म्हणायला लावलं."

२००१ मध्ये खुला झालेला स्तूप तिने पहिल्यांदाच पाहिला. बाबासाहेबांच्या अस्थींपुढे वंदन केलं. बोधिवृक्षाजवळ गाठोडं सोडलं. आमची सतरंजी अंथरली होती ती जागा मात्र तिला सापडली नाही.